उघडे कार्ड आणि बंद पाकीट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या पालक-बालक मेळाव्यातील भाषण)



मुलांच्या हाती आलेला मोबाइल आणि त्यातील समाजमाध्यमे या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारिणीने केली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही इतिहास घेऊन बी. ए. झालेलो, संगणकशास्त्राशी आमचा संबंध कार्यालयातील यंत्र बंद पडले की तंत्रज्ञास बोलावण्यापुरता. त्या व्यवसायातील तरुण मंडळी आपल्या मंडळात पुष्कळ आहेत, त्यांपैकी कोणी बोलावे, असे आम्ही सुचविले. त्यावर आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "त्यांना यंत्र कळतं हो. पण टपालखात्यात तीस वर्षं तुम्ही काढलीत. कोणाचं पत्र कोणाच्या हाती पडावं, हे तुम्हांला कळतं." या युक्तिवादापुढे आम्ही निरुत्तर झालो. शिवाय या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि ती आपल्यासमोर सांगितल्यावाचून आम्हांला या विषयावर बोलण्याचा अधिकार नाही. तिच्याकडे पुढे येऊ.

मोबाइल घरातून हद्दपार करा, हे सांगण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. आपण सारी मंडळी नोकरीधंद्यानिमित्त या समुद्रकाठच्या तेलुगू मुलखात येऊन राहिलेली. मुलांचे आजी-आजोबा कोणाचे मिरजेस, कोणाचे अकोल्यास, कोणाचे सावंतवाडीस. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा घरी लिहिलेल्या आंतर्देशीय पत्राचे उत्तर येण्यास पंधरा दिवस सहज लागत, आणि तार आली की ती उघडण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई. आज नातवाचा पहिला दात पडला तर तो त्याच संध्याकाळी आजीला पाहावयास मिळतो. आमच्या शेजारच्या घरातील चार वर्षांची मुलगी जेवताना मराठी गोष्ट ऐकते ती आजीच्या तोंडून, आणि आजी असते नऊशे किलोमीटरवर. हे यंत्र काढून घेतले तर मुलांची आजी जाईल, आणि आजीबरोबर तिची मराठीही जाईल. आपल्यासारख्यांपुढील प्रश्न म्हणूनच इतरांहून थोडा निराळा आहे. दार बंद करता येत नाही. दारातून कोण आत येते, ते पाहावयास मुलांना शिकवावयाचे आहे.

आता आमच्या खात्याकडे वळतो. हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झाले १८७९ साली. पाव आण्याचे हे कार्ड कोणीही वाचू शकतो, हे पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक होते. पोस्टमन वाचे, वाड्यातील बिऱ्हाडकरू वाचत. म्हणून आपल्या वाडवडिलांनी आपोआप एक विवेक अंगी बाणविला. 'सर्व क्षेम', 'पाऊसपाणी ठीक', 'चिरंजीव पास झाला' हे कार्डावर. कर्ज, दुखणे, मुलीच्या स्थळाची बोलणी हे पाकिटात. आणि खरोखरी महत्त्वाचे कागद रजिस्टर करून, पोहोचेसह. हा विवेक कोणत्याही शाळेत शिकविला जात नव्हता. वडील दौतीशेजारी बसून "हे कार्डावर नको, पाकीट आण" असे म्हणत, आणि मुले ऐकत.

मोबाइलवर कार्ड आणि पाकीट दिसावयास सारखीच असतात. बोट तेच, काच तीच. आईला पाठविलेला निरोप आणि साऱ्या जगास दाखविलेले छायाचित्र यांत मुलाच्या लेखी काडीचा फरक नसतो. त्यातून पाकिटाचे कार्ड होण्यास क्षणाचाही अवधी लागत नाही. आपण एकालाच पाठविलेली वस्तू त्याने पुढे धाडली की संपले. पाठविणारा आपल्या बाजूने ती पुसून टाकतो, परंतु दरम्यान दुसऱ्याने पडद्याचे छायाचित्र घेतलेले असते. टपालपेटीत पडलेले पत्र परत मिळविण्यास निदान पोस्टमास्तरकडे अर्ज तरी करता येतो.

गेल्या दिवाळीनंतर आपल्या रविवारच्या बालवर्गात आम्ही एक प्रयोग केला. सहा ते दहा वर्षांची चौदा मुले होती. प्रत्येकास एकेक कोरे पोस्टकार्ड दिले आणि म्हटले, "यावर स्वतःविषयी लिहा. हे कार्ड आपण समुद्राकाठच्या बसथांब्यावर टाचणीने लावून ठेवणार आहोत." मुलांनी भराभर लिहिले. नाव, इयत्ता, शाळा, वर्गशिक्षिका, इमारतीचे नाव, मजला. एकाने तर लिहिले, 'आई सहा वाजता येते, तोपर्यंत मी एकटाच असतो, मला भीती वाटत नाही.' अक्षर फार सुरेख होते. मग आम्ही विचारले, "बसथांब्यावर कोण कोण येतं?" उत्तरे आली: बसचे काका, मासे विकणारी मावशी, कॉलेजातले दादा, आणि कोणी तरी म्हणाले, "कोणीही येतं." त्या 'कोणीही'वर वर्ग थोडा वेळ गप्प झाला. "आता जे तिथं नको वाटेल ते खोडा," असे सांगताच पेन्सिली चालू लागल्या. इमारत गेली, शाळा गेली. सहाचा उल्लेख करणाऱ्या त्या बाळाने ती ओळ इतकी गिरविली की कार्डास भोक पडले. नंतर दुसरे कार्ड दिले, ते आजीसाठी, पाकिटात घालून पाठविण्यासाठी. त्यावर त्याने ती ओळ पुन्हा लिहिली. मुलांना सारे समजले होते. 'व्यक्तिगत माहिती', 'गोपनीयता' असे शब्द आम्ही एकदाही उच्चारले नाहीत.

हाच प्रयोग पुढील रविवारी पालकांवर केला. कार्डे दिली नाहीत. ज्याचा त्याने आपापला मोबाइल काढावा आणि तो बसथांब्यावर टांगला आहे असे समजून पाहावे, एवढेच सांगितले. मुलांच्या मानाने पालक फार कमी हसले. एका गृहस्थांच्या नावापुढील चित्रात कन्या शाळेच्या गणवेशात, बिल्ल्यासह. एका भगिनींनी सुट्टीत गावी निघताना आगगाडीच्या तिकिटाचे छायाचित्र सर्वांस दिसेल असे ठेवलेले; म्हणजे घर केव्हापासून केव्हापर्यंत बंद, याची जाहीर नोटीसच! वाढदिवसाच्या केकवर नाव आणि वय, मागे इमारतीची पाटी. आम्हीही काही निराळे निघालो नाही. मुलांचा पहिला ठावठिकाणा बहुधा आपणच प्रसिद्ध करतो, आणि तो कौतुकापोटी करतो, म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

यंत्रातील काही कळा फिरवून यातले पुष्कळ आवरता येते. व्हॉट्सॲपवर आपले चित्र आणि स्टेटस केवळ ओळखीच्यांस दिसावे, आणि कोणत्याही ग्रुपात आपल्याला ओळखीच्यानेच ओढावे, अशी सोय आहे. इन्स्टाग्रामवर खाते खासगी ठेवता येते. ते आज घरी जाऊन मुलांसमवेत करावे. जमत नसेल तर मुलांनाच विचारावे. 'असर' या पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना याविषयी विचारले होते. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांना नको असलेल्या माणसास अडविणे किंवा त्याची तक्रार करणे माहीत होते, आणि सुमारे ५५ टक्क्यांना खाते खासगी करता येत होते. पालकांची अशी परीक्षा घेतल्यास काय गुण पडतील, याविषयी आम्ही मौन पाळतो.

वयाचा प्रश्न हटकून विचारला जातो. बहुतेक माध्यमांवर खाते उघडण्यास तेरा वर्षे पूर्ण असावी लागतात. हा तेराचा आकडा मुख्यतः अमेरिकेतील १९९८ च्या एका कायद्यापासून रूढ झाला. त्या कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करण्यास मनाई केली, तेव्हा कंपन्यांनी ती मुले दारातच थांबविण्याचा सोपा मार्ग पत्करला. तेरा पूर्ण झाली म्हणजे मूल शहाणे झाले, असा दाखला कोणी दिलेला नाही. ऑस्ट्रेलियाने तर ही मर्यादा सोळा केली आणि १० डिसेंबर २०२५ पासून ती अंमलात आणली. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले आहे. त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घ्यावी, आणि त्यास लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, असे तो कायदा म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधने लागू होण्यास त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

हे सारे ठीकच आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाचे जन्मवर्ष बदलून त्यास खाते उघडून देणारे वडील आम्ही स्वतः पाहिले आहेत. "सगळ्यांची मुलं आहेत, आमचाच एकटा मागे राहील," हे त्यांचे म्हणणे. त्यांच्या ध्यानी न आलेली गोष्ट अशी की, कागदावर मूल वीस वर्षांचे केले म्हणजे यंत्रही त्यास वीस वर्षांचा गृहस्थ समजते. लहानांसाठी म्हणून जी काही कुंपणे कंपन्यांनी घातली आहेत, त्यांच्या बाहेर आपण आपल्याच हाताने त्याला नेऊन उभे करतो. पुन्हा टपालखाते आठवते, त्यास इलाज नाही. आमच्या बचत बँकेत दहा वर्षांखालील मुलाचे खाते पालक उघडतो आणि पालकच चालवितो. दहा वर्षांनंतर मूल स्वतःच्या सहीने पैसे काढू शकते. अठराव्या वर्षी कागदपत्रे नव्याने द्यावी लागतात. एका दिवशी सर्व किल्ल्या देणे नाही, आणि शेवटपर्यंत एकही न देणे, असेही नाही.

आता आमच्या चुकीविषयी. मागील वर्षीच्या बालवक्तृत्व स्पर्धेचे काम आमच्याकडे होते. निकाल लागला, मुले सुरेख बोलली होती, आणि आनंदाच्या भरात आम्ही मंडळाच्या सर्वांस खुल्या अशा फेसबुक पानावर छायाचित्रांसह संपूर्ण यादी चढविली. प्रवेशपत्रावर होते तसेच: नाव, जन्मतारीख, शाळा, पालकांचा दूरध्वनी क्रमांक. तीस वर्षे टपाल सांभाळलेल्या माणसाने चाळीस घरांची पाकिटे फोडून चौकात पसरली!

तीन आठवड्यांनी एका मुलास, म्हणजे त्याच्या आईच्या मोबाइलवर, निरोप आला. पुढील हकीकत आम्ही त्या मुलाच्या आणि मातापित्यांच्या अनुमतीने सांगत आहोत. ते मूल मुलगा की मुलगी, हेही सांगणार नाही, आणि आपण तर्क करू नये अशी विनंती आहे. निरोप शुद्ध मराठीत होता. 'बाळ, मी मंडळातला काका. तुझं भाषण फार आवडलं. वाढदिवसाला तुला बक्षीस पाठवायचं आहे.' वाढदिवस कोणता, हे त्यास ठाऊक होते. शाळा ठाऊक होती. भाषणाचा विषय ठाऊक होता.

परमुलखात बाजारात पाठीमागून मराठी शब्द कानी पडला तर आपण मान वळवून पाहतो की नाही? बोलणाऱ्याची जातकुळी न विचारता त्यास चहाला बोलावतो. मुलांना आपण जन्मापासून शिकविले आहे की मंडळात येणारा प्रत्येक पुरुष काका आणि प्रत्येक बाई मावशी; त्यांना नमस्कार करावा, विचारतील त्याचे उत्तर द्यावे. त्या अनोळखी माणसाने कोणतेही कुलूप तोडले नाही. आपल्या या जिव्हाळ्याची किल्ली त्याने उचलली आणि आमच्या यादीवरून घराचे दार शोधले.

मुलाने उत्तर दिले. बक्षीस घेतानाचे छायाचित्र मागितले, ते पाठविले. दुसरे मागितले, तेही पाठविले. मग 'आईला सांगू नकोस, गंमत आहे' असे आले, आणि पुढे, घरात कोणी नसताना व्हिडिओवर ये, असे. येथे मुलास काही तरी खटकले. त्याने निरोप पुसले आणि गप्प राहिले. नऊ दिवस ते गप्प होते. जेवण कमी झाले. आईला वाटले, परीक्षा जवळ आली. नवव्या दिवशी आजीचा नेहमीचा फोन आला असता ते म्हणाले, "आजी, तू रागावणार नाहीस ना? आईबाबा मोबाइल काढून घेणार नाहीत ना?"

आजी सातवी शिकलेल्या. त्या घाबरल्या असतील, परंतु आवाजात तसे येऊ दिले नाही. "नाही बाळा. पुढे काय झालं ते सांग." एवढेच म्हणाल्या आणि सगळे संपेपर्यंत मध्ये बोलल्या नाहीत. मग, "तू मला सांगितलंस ते फार चांगलं केलंस. आता आपण दोघं मिळून आईला सांगू."

पुढे तक्रार झाली. तपास पोलिसांचा आहे, त्याविषयी येथे बोलणे उचित नव्हे. मूल आज हसतेखेळते आहे. पण ते नऊ दिवस आमच्या मनातून जात नाहीत. त्या अनोळखी माणसाची भीती मुलास होतीच. त्याहून अधिक भीती होती ती आपल्या रागावण्याची आणि मोबाइल जाण्याची. तो मोबाइल म्हणजे आजी! 'सांगितलं तर आजी जाईल' असा हिशेब त्याने केला होता. आपण घरोघर देतो त्या धमक्या, "पुन्हा असं दिसलं तर फोन बंद", अशा माणसाच्या पथ्यावर पडतात. म्हणून आमची पालकांना कळकळीची विनंती आहे की, मुलाला आज, काही घडलेले नसताना, स्पष्ट शब्दांत वचन द्या: काहीही झाले, तुझी चूक असली तरी, सांगितल्याबद्दल मोबाइल जाणार नाही आणि रागावणार नाही. आणि ते पाळा. पाळणे कठीण आहे. आम्हांला स्वतःला दोनदा जमलेले नाही.

कोणी म्हणेल, आम्ही रोज रात्री मुलांचा मोबाइल तपासतो. अवश्य तपासावा, लहान असताना तर तपासावाच, परंतु लपूनछपून नव्हे. आणि एक अडचण आपल्यापुरती खास आहे. आपली मुले खालच्या अंगणातील सोबत्यांशी तेलुगूत बोलतात, तेलुगूतच लिहितात, कधी त्या लिपीत तर कधी इंग्रजी अक्षरांत. आपणांपैकी किती जणांना ते वाचता येते? आम्हांला दुकानाच्या पाट्यांपलीकडे जमत नाही. तेव्हा पाळत ठेवून जे कळणार नाही ते मुलाने आपण होऊन सांगितले तरच कळेल.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी एकच नियम. मोबाइलवर आलेला काका हा काका नव्हे. आईबाबांनी ज्याला समोर पाहिले आहे आणि "हो, हे आपले काका" असे म्हटले आहे, तोच काका. आणि जो कोणी "आईला सांगू नकोस" म्हणेल, त्याचे नाव आईला सर्वांत आधी सांगायचे. मराठीत म्हणाला तरी. गोड बोलला तरी.

काही विपरीत घडलेच तर काय करावे, तेही थोडक्यात सांगतो. निरोप पुसू नयेत, तोच पुरावा. पडद्याची छायाचित्रे घ्यावीत, खात्याचे नाव व वेळ टिपावी, मगच त्या माणसास अडवावे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार नोंदविता येते. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, मुलाच्या मदतीसाठी १०९८, आणि तातडीच्या प्रसंगी ११२. इलेक्ट्रॉनिक साधनांनी लैंगिक हेतूने बालकाचा पाठपुरावा करणे हा २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्या कायद्याखालील गुन्हा घडल्याचे कळल्यावर पोलिसांना न कळविणे हाही गुन्हा आहे. 'लोक काय म्हणतील' ही सबब तेथे चालत नाही. मुलाचे नको तसे छायाचित्र कोणाच्या हाती गेले असेल, तर 'टेक इट डाउन' नावाची एक विनामूल्य सेवा अमेरिकेतील एक संस्था २०२३ पासून चालविते. तीत मूळ चित्र आपल्या यंत्राबाहेर जात नाही. बोटाच्या ठशासारखी त्याची एक खूण तेवढी जाते, आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून ते चित्र आपल्याकडे शोधून काढून टाकतात. असले चित्र सावधगिरीचा इशारा म्हणून मंडळाच्या ग्रुपात टाकण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. हेतू चांगला असला तरी तेही प्रसारणच होय, आणि २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात त्यास शिक्षा आहे.

मंडळापुरते बोलायचे तर ती यादी आम्ही त्याच दिवशी उतरविली आणि चाळीसही घरी जाऊन क्षमा मागितली. यंदाच्या प्रवेशपत्रावर जन्मतारखेऐवजी केवळ वयोगट आहे, आणि क्रमांक चिटणीसबाईंच्या वहीत राहतात. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी बालविभागाची छायाचित्रे व लेख जमा झाले आहेत. आईवडिलांची संमती घेतलीच. पण त्याखेरीज खाली नाव छापावे की नाही, हे प्रत्येक मुलास स्वतंत्रपणे विचारले. बहुतेकांनी नाव छापा, शाळा नको, असे सांगितले. तिघांना दोन्ही नको आहे, तसेच होईल. एका चिरंजीवांनी मात्र आपल्या कवितेखाली स्वतःऐवजी आपल्या मांजराचे नाव घालावे, असा लेखी आग्रह धरला असून, तो अर्ज तूर्त कार्यकारिणीच्या विचाराधीन आहे.